पन्नास सेंटचे तिकीट

मी एस.टी. महामंडळात ३१ वर्षे कंडक्टर होतो. नाशिक जिल्ह्यातल्या एका आगारात १९८८ साली पहिली डबल बेल मारली, ती २०१९ साली निवृत्त होईपर्यंत. सहा किलोमीटरचा एक टप्पा, टप्प्यावर भाडे, हाफ तिकीट, फुल तिकीट, पासवाले, आणि रात्री वे-बिल जुळविताना एक रुपया कमी आला तर पोटात गोळा. हा हिशेब बोटांत इतका भिनला आहे की, आजही कुणाच्या गाडीत बसलो तरी मनातल्या मनात टप्पे मोजतो. अशा माणसाला लेकीने ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन शहरी बोलावून घेतले आणि दुसऱ्याच दिवशी सांगितले, "बाबा, इथं बसने, रेल्वेने, बोटीने कुठंही जा. पन्नास सेंट."

मला वाटले, पोरगी चेष्टा करते. पण खरे होते. क्वीन्सलँड राज्याच्या सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये प्रयोग म्हणून हे भाडे लागू केले आणि पुढे ते कायमच केले. समुद्रकाठच्या गोल्ड कोस्टपर्यंत जा, नाहीतर पुढच्या चौकात उतरा, पन्नास सेंट. फक्त विमानतळाच्या रेल्वेला ते लागू नाही. आपल्या पैशांत तेव्हा तीस रुपयांच्या आतला मामला. टप्पाच नाही! जन्मभर ज्याची भाकरी खाल्ली तो टप्पा या लोकांनी पुसूनच टाकला होता. आपल्याकडे २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट झाले, तेव्हा गाड्यांत कशी झुंबड उडाली ते मी पाहिले आहे. प्रवास स्वस्त झाला की माणूस घराबाहेर पडतो. मीही पडलो.

मुलांची आई करोनात, २०२१ साली गेली. तेव्हापासून लेक "या, या" म्हणत होती. शेवटी सप्टेंबर २०२५ मध्ये तीन महिन्यांसाठी गेलो. लेक तिथे एका वृद्धाश्रमात नर्स आहे, बहुधा रात्रपाळी असते. जावई गोदामात फोर्कलिफ्ट चालवितो. नातू आठ वर्षांचा. इनाला नावाच्या उपनगरात भाड्याचे बैठे घर आहे. मागे अंगण, अंगणात आंब्याचे झाड. आंबा तिकडे डिसेंबरात, नाताळाला पिकतो.

घरात पाऊल टाकल्यावर माझे डोळे सवयीने भिंतीवर गेले. बैठकीच्या खोलीत नातवाचे फोटो, एक घड्याळ, समुद्राचे चित्र. मी निघताना दिलेली बाबासाहेबांची तसबीर मात्र आतल्या खोलीत, कपाटावर टेकवून ठेवलेली. मी काही विचारण्याआधीच लेक म्हणाली, "बाबा, भाड्याचं घर आहे. भिंतीत खिळा ठोकायचा तर एजंटाची परवानगी लागते." मी म्हटले, बरे. समुद्राचे चित्रही भिंतीवर टांगलेलेच होते, हे माझ्या नंतर लक्षात आले.

लेक सकाळी आठला ड्युटीवरून येऊन झोपे. जावई कामावर, नातू शाळेत. म्हाताऱ्याने घरात टीव्हीचा आवाज करावयाचा नाही. तेव्हा गळ्यात पत्त्याची चिठ्ठी, खिशात प्रवासाचे गो कार्ड आणि डोक्यावर टोपी घालून मी निघत असे. टोपी उन्हासाठी नव्हे. तिकडे मॅगपाय नावाचा काळापांढरा पक्षी वसंतात घरट्याजवळून जाणाऱ्याच्या टाळक्यावर झडप घालतो. पोरे सायकलच्या हेल्मेटला प्लॅस्टिकचे काटे उभे करून शाळेत जातात. मला पहिल्या आठवड्यात दोनदा प्रसाद मिळाला.

दिशांचाही घोळ होता. तो देश पृथ्वीच्या खालच्या गोलार्धात असल्याने दुपारी सूर्य उत्तरेला दिसतो. मी सावलीवरून दिशा धरणारा माणूस, त्यामुळे परतीच्या बसऐवजी दोनदा उलट दिशेची बस पकडली. नुकसान प्रत्येकी पन्नास सेंट.

अशाच एका चुकलेल्या दिवशी इनालाच्या बाजारात शेजारच्या घरातले गृहस्थ भेटले. सत्तरी ओलांडलेले, मूळचे व्हिएतनामचे. ते मला हाताला धरून घरी घेऊन आले. वाटेत कळले की, ते शहराच्या बसवर वीस वर्षे ड्रायव्हर होते. मी छातीवर हात ठेवून म्हटले, "कंडक्टर." त्यांनी थांबून माझ्याकडे पाहिले आणि कडकडून हात मिळविला. त्यांचे इंग्रजी मोडके, माझे त्याहून मोडके, पण ड्रायव्हर-कंडक्टरला भाषा किती लागते? एक घंटा थांबा, दोन घंटा चला. मी त्यांना ड्रायव्हरसाहेब म्हणू लागलो, ते मला "कंडक्टा" म्हणत.

इनाला हे गाव त्यांच्यामुळे मला उलगडले. दुसऱ्या महायुद्धानंतर घरांची टंचाई होती, तेव्हा १९५० नंतर सरकारने कामगारांसाठी इथे घरे बांधली. म्हणजे आपल्याकडची म्हाडाच समजा, फक्त चाळीऐवजी सुटी सुटी घरे. शहरातले लोक इनालाचे नाव काढले की नाक मुरडायचे. व्हिएतनामचे युद्ध १९७५ साली संपल्यावर निर्वासित आले, त्यांना जवळच वाकोल येथील छावणीत ठेवीत. ड्रायव्हरसाहेब १९७९ साली बायको-मुलासह तिथेच उतरले. छावणीतून बाहेर पडल्यावर स्वस्त घर कुठे, तर इनालात. आज तिथल्या बाजारात कारली, कोथिंबीर, गवती चहाच्या पेंढ्या, जिवंत वाटावी अशी मासळी, आणि सकाळी सात वाजता वाफाळत्या फो सुपाभोवती बसलेले म्हातारे. आता शहरातले लोक जेवायला मुद्दाम इनालात येतात.

त्यांनी एकदा विचारले, "इंडियन, हिंदू?" मी म्हटले, "नाही, बुद्धिस्ट." त्यांना ते खरेच वाटेना. भारतात बौद्ध आहेत हे त्यांनी ऐकलेच नव्हते. मी बोटांवर १९५६, नागपूर, लाखो माणसे असे सांगितले. ते बराच वेळ मान हलवीत राहिले. दुसऱ्या दिवशी कुंपणावरून केळ्यांची फणी आली.

पुढे आठवड्यातून दोन-तीनदा आम्ही जोडीने फिरू लागलो. पन्नास सेंटमध्ये केवढे शहर पाहिले! खांबांवर उभी असलेली लाकडी घरे, पुढे व्हरांडा, वर पत्रा. हवा खेळावी म्हणून जमिनीपासून उचललेली ही घरे त्या राज्याची ओळख आहेत, त्यांना 'क्वीन्सलँडर'च म्हणतात. आपल्याकडे पत्र्याचे घर म्हणजे गरिबी. तिथे नदीजवळच्या पत्र्याच्या घराला दहा-दहा लाख डॉलर मोजावे लागतात, हे ऐकून मी नांदगावच्या माझ्या पत्र्याला मनोमन नमस्कार केला. ऑक्टोबरात रस्तेच्या रस्ते जांभळे झाले. नीलमोहर. तिथली पोरे म्हणतात, नीलमोहर फुलला की परीक्षा आली. आणि नोव्हेंबरात आपला गुलमोहर पेटला, तेव्हा मला गावच्या आगाराची आठवण आली.

बसमधली एक रीत मला फार भावली. उतरणारा प्रत्येक माणूस ड्रायव्हरला मोठ्याने "थँक यू" म्हणतो. शाळेचे पोर म्हणते, सूटबूटवाला म्हणतो, दारूच्या अंमलातला म्हणतो. एकतीस वर्षांत माझ्या गाडीतून लाखभर माणसे तरी उतरली असतील. असो.

वूलूनगाबा हे नाव आपल्या वाचकांना लांबलचक वाटेल, पण 'गाबा' म्हटले की सारी पोरे ओळखतील. क्रिकेटचे मैदान. १९८८ पासून ऑस्ट्रेलिया तिथे कसोटी हरला नव्हता. जानेवारी २०२१ मध्ये आपल्या संघाने हरविले. वडील रिक्षा चालवीत, ते दौऱ्यावर असतानाच वारले, त्या सिराजने दुसऱ्या डावात पाच बळी घेतले आणि लोकलने पालघरहून ये-जा करून खेळ शिकलेल्या शार्दूल ठाकूरने सामन्यात सात. मी बाहेरूनच मैदानाला प्रदक्षिणा घातली. तिकीट काढून आत जाणे परवडणारे नव्हते.

तूवाँग, यिरोंगा, मुरूका, इंदुरुपिली, नंडा. बसच्या पाटीवरची ही नावे वाचताना मला प्रश्न पडे की, गोऱ्यांच्या शहराला ही नावे कुठली? ती त्या भूमीच्या मूळच्या लोकांची. तुरबल, जागेरा अशा लोकांची. नदीला ते मैवार म्हणत, शहराच्या जागेला मियांजिन. नातू सांगत होता, शाळेत सभा सुरू होण्याआधी रोज म्हणतात की, ही जमीन त्यांची आहे, त्यांच्या वडीलधाऱ्यांना आमचा आदर. मी विचारले, "मग तुझ्या वर्गात त्यांची मुले किती?" म्हणाला, "दोन."

एका रविवारी घरी पाहुणे आले. आपल्याच महाराष्ट्रातले, चांगले शिकले-सवरलेले जोडपे. लेकीने शंकरपाळ्या केल्या होत्या. बोलणे हवापाण्यावरून घराच्या किमतींवर गेले आणि तिथून बाईंनी अलगद विचारले, "काका, तुमचं मूळ गाव कोणतं? आणि आडनाव काय म्हणालात?" मी सांगितले. आमचे आडनाव आपल्यात आहे तसे मराठा समाजातही आहे. बाई म्हणाल्या, "अच्छा, म्हणजे साताऱ्याकडचे मूळ?" लेक बशी पुढे करीत घाईने म्हणाली, "नाही, नाही, नाशिककडचे." तिने माझ्याकडे पाहिले. एवढेच. मीही मान हलविली आणि शंकरपाळी तोंडात टाकली. आतल्या खोलीचे दार लोटलेले होते.

पाहुणे गेल्यावर आम्ही दोघेही त्याबद्दल काही बोललो नाही. मला रात्री झोप आली नाही. खिळ्याची परवानगी कसली, ते मला कळून चुकले होते.

त्याच आठवड्यात ड्रायव्हरसाहेब मला वेस्ट एंडला घेऊन गेले. नदीच्या वळणात वसलेले जुने उपनगर. १९७४, २०११ आणि २०२२ या तिन्ही पुरांत नदीने त्याच्या सखल गल्ल्या बुडविल्या. एके काळी तिथे ग्रीक आणि इतर परदेशी कामगार राहत. आता कॉफीची दुकाने, उंच इमारती, शनिवारी मोठ्या झाडांखाली भरणारा बाजार. मुख्य रस्त्याचे नाव बाउंडरी स्ट्रीट. आम्ही एका बाकावर बसलो. ते म्हणाले, "या रस्त्यावर मी किती वर्षे गाडी चालविली. चार वाजता इथे सर्वांत जास्त गर्दी. गाडी अडकायची." मग रस्त्याच्या पाटीकडे बोट करून विचारले, "बाउंडरी. कसली, माहीत आहे?"

मला वाटले, जकातनाक्याची असेल.

ते सांगू लागले. त्यांना एका उतारूने, काळ्या म्हाताऱ्या बाईने सांगितले होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ही शहराची हद्द होती. मूळच्या काळ्या लोकांनी कामापुरते, सरपण-मासळी विकण्यापुरते शहरात यावयाचे आणि संध्याकाळी चारच्या आत या रेषेबाहेर जावयाचे. रविवारी तर दिवसभर बंदी. घोड्यावरचे शिपाई चाबकाचे फटकारे हवेत वाजवीत फिरत, ती बाहेर पडण्याची खूण. असाच दुसरा बाउंडरी स्ट्रीट नदीपलीकडे स्प्रिंग हिल येथेही आहे. रेषा गेली, नाव राहिले. लोक त्या नावाखाली बसून कॉफी पितात.

आपल्या वाचकांना यातले काय वेगळे सांगावयाचे? पेशवाईत पुण्याच्या वेशीवर काय होत असे, ते आपण आजी-आजोबांकडून ऐकले आहे. सकाळ-संध्याकाळ सावल्या लांब पडतात म्हणून तेव्हा गावात शिरकाव नाही. समुद्रापलीकडच्या एका अनोळखी रस्त्यावर तीच गोष्ट भेटली. फक्त इथे घड्याळाचे चार होते आणि तिथे सावली. पण खरे सांगतो, त्या बाकावर मला पेशवाई आठवली नाही. मला माझी मुक्कामी गाडी आठवली.

१९९१ चा जुलै. घाटाखालच्या एका गावी मुक्कामी गाडी. ड्रायव्हर आणि मी. पाऊस असा की, गाडीच्या टपातून गळत होते. गावाच्या रिवाजाने स्टाफ मारुतीच्या देवळात झोपत असे. पारावरच्या एका म्हाताऱ्याने कंदील वर करून विचारले, "मास्तर, आडनाव काय? कोणापैकी?" मी आडनाव सांगितले. तो म्हणाला, "मग आपल्यातलेच." आणि मी मान हलविली. देवळात कोरडी जागा मिळाली, पिठले-भाकरी मिळाली, घोंगडी मिळाली. त्या गावाला आठ महिने ड्युटी होती. आठ महिने मी मान हलवीत राहिलो. घरी आल्यावर ही गोष्ट मी मोठ्या फुशारकीने सांगे, म्हाताऱ्याची नक्कल करी, पोरे पोट धरून हसत. लेक थोडी मोठी झाल्यावर पुन्हा पुन्हा तीच गोष्ट मागे. मुलांची आई मात्र हसत नसे. ती उठून चुलीपाशी जाई.

बाकावरून उठून आम्ही जवळच्या मसग्रेव्ह पार्कमध्ये गेलो. साधीच बाग. पण मूळ लोकांची ती पूर्वापार भेटण्याची जागा आहे. १९८२ साली ब्रिस्बेनला राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा झाल्या, तेव्हा देशभरातून काळे लोक इथे तंबू ठोकून बसले. जमिनीचा हक्क द्या म्हणून त्यांनी मोर्चे काढले, सरकारने मोर्चांना बंदी केली होती, शेकडो लोकांना अटक झाली. ड्रायव्हरसाहेब तेव्हा कारखान्यात कामाला होते. म्हणाले, "मी टीव्हीवर पाहिले. वाटले, आपण नवे आहोत, गप्प राहावे." मग थोड्या वेळाने म्हणाले, "छान नव्हते ते." बस एवढेच. आम्ही दोघे तिथे गप्प बसलो होतो.

नदीकाठी साऊथ बँकला राज्याचे मोठे ग्रंथालय आहे. कुणीही आत जावे, फी नाही. (त्याच काठावर नेपाळी कारागिरांनी लाकडात कोरलेला शांतीचा पॅगोडा आहे, १९८८ च्या जागतिक प्रदर्शनासाठी आणलेला. लेकीच्या घरचे कुणी तिथे कधी गेले नव्हते.) ग्रंथालयातल्या बाईंनी पुस्तके काढून दिली, जावयाने सुटीच्या दिवशी वाचून सांगितली. त्यातली एक गोष्ट माझ्या काळजात रुतली. १८९७ च्या कायद्याने क्वीन्सलँड सरकारने या लोकांना आपल्या ताब्यात घेतले. कुठे राहावयाचे, कुणाशी लग्न करावयाचे, हे अधिकारी ठरविणार. गुरे राखणारे, घरकाम करणाऱ्या मुली यांचा पगार त्यांच्या हाती नाही, सरकारी खात्यात जमा. स्वतःच्या घामाचे दोन शिलिंग हवे असले तर साहेबापुढे हात पसरावयाचा. ही पद्धत थोडीथोडकी नव्हे, कित्येक दशके चालली. शेवटी म्हाताऱ्या कामगारांनी आणि त्यांच्या वारसांनी कोर्टात दावा लावला आणि २०१९ साली सरकारने १९ कोटी डॉलरवर तडजोड केली. मी वे-बिलात एक रुपया कमी आला तर खुलासा लिहून देणारा माणूस. एका अख्ख्या सरकारच्या वे-बिलात इतकी तफावत, आणि खुलाशाला इतकी वर्षे!

त्या रात्री जेवताना मी लेकीला बाउंडरी स्ट्रीटची हकिगत सांगितली. ती सात वर्षे त्या शहरात आहे. त्या रस्त्यावरून शेकडो वेळा गेलेली. ऐकताना तिचा घास हातात राहिला. मग मी म्हणालो, "बाई, तसबीर आत का आहे, ते मला कळलं आहे. मी रागावलो नाही. पण खिळ्याचं कारण मला सांगू नकोस."

ती बराच वेळ ताटाकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "बाबा, मुक्कामी गाडीची गोष्ट तुम्हीच नाही का सांगायचात?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. आजही नाही.

नंतरच्या दिवसांत आम्ही थोडे कमी बोलत होतो. मी एकटाच लांब लांब जाऊ लागलो. इप्सविचला गेलो, तासाभराचा रेल्वे प्रवास. कोळशाच्या खाणी आणि रेल्वेच्या वर्कशॉपचे गाव, आपल्या मनमाडसारखे वाटले. क्वीन्सलँडची पहिली रेल्वे १८६५ साली तिथूनच सुटली. १९७२ साली जवळच्या बॉक्स फ्लॅट खाणीत स्फोट होऊन १७ कामगार मृत्युमुखी पडले. रेडक्लिफला गेलो, शेवटचे स्टेशन किप्पा-रिंग. समुद्रकिनारा सुंदर, म्हातारे पाय बुडवून बसलेले. १८२४ साली इंग्रजांनी कैद्यांची पहिली वसाहत इथे केली, पण ती वर्षभरही टिकली नाही, ते नदीवर निघून गेले. मागे राहिलेल्या ओसाड झोपड्यांना मूळ लोकांनी नाव दिले 'हंपीबाँग', म्हणजे मेलेली घरे. आज तिथे त्या नावाची बाग आहे, पोरे झोके घेतात.

नोव्हेंबरात लेकीला सुटी मिळाली. म्हणाली, "बाबा, समुद्रात एक बेट आहे, तिथं जाऊ." क्लीव्हलँडपर्यंत रेल्वेने, पुढे बोटीने अर्ध्या तासाच्या आत डनविच. बोटीचे भाडे मात्र पन्नास सेंट नाही. बेटाचे इंग्रजी नाव नॉर्थ स्ट्रॅडब्रोक, तिथल्या क्वांडामूका लोकांचे नाव मिंजेरिबा. या बेटावर १९२० साली एक मुलगी जन्मली. तेराव्या वर्षी शाळा सुटली, ब्रिस्बेनला गोऱ्यांच्या घरी मोलकरीण झाली. महायुद्धात सैन्याच्या महिला दलात गेली. पुढे आपल्या लोकांच्या हक्कांसाठी गावोगाव भाषणे दिली. १९६७ च्या ज्या सार्वमताने या लोकांची जनगणनेत मोजणी सुरू झाली, त्याच्या प्रचारात ती पुढे होती. १९६४ साली तिचा कवितासंग्रह निघाला, ऑस्ट्रेलियातल्या मूळ समाजाच्या व्यक्तीचा छापून आलेला तो पहिला काव्यसंग्रह. कॅथ वॉकर हे गोऱ्या वळणाचे नाव टाकून तिने शेवटी उजरू नूनुकल हे आपल्या लोकांचे नाव घेतले आणि राणीने दिलेला किताबही परत केला. १९९३ साली ती याच बेटावर मातीत गेली. डनविचला एक सरकारी अनाथ-वृद्धालय होते, तिथल्या काळ्या कामगारांनी वर्षानुवर्षे झगडून १९४४ साली गोऱ्यांइतका पगार मिळविला. लेक स्वतः वृद्धाश्रमात राबते. ही गोष्ट तिने दोनदा वाचून घेतली.

जाताना बोटीवर एक गोष्ट घडली. शेजारी एक जाडजूड काळी आजीबाई बसली होती, मांडीवर किराण्याच्या पिशव्या. नातू तिच्याशी बोलू लागला. तिने आमच्या सावळ्या रंगाकडे पाहून हसत विचारले, "हूज युवर मॉब?" मी घाबरलो. मॉब म्हणजे आपल्याकडे दंगलीचा जमाव. नातू म्हणाला, "आजोबा, मॉब म्हणजे आपली माणसं. आपण कुणापैकी, असं विचारतात त्या."

कोणापैकी. चौतीस वर्षांनी तोच प्रश्न. पण विचारणारीच्या हातात कंदील नव्हता, आणि उत्तरावर भाकरी अवलंबून नव्हती. मी तोंड उघडले, तोवर लेक माझ्याकडे न पाहता म्हणाली, "आंबेडकर्स मॉब. फ्रॉम इंडिया."

"नाव ऐकलं नाही बाई," आजीबाई म्हणाली. "चांगला होता का?"

"व्हेरी गुड," लेक म्हणाली. मग दोघी पाण्याकडे पाहत राहिल्या. आजीबाईने पिशवीतून नातवाला एक सफरचंद दिले.

मी नोव्हेंबरच्या अखेरीस परत आलो. निघताना ड्रायव्हरसाहेब विमानतळावर येऊ शकले नाहीत, पण कुंपणापाशी उभे राहून त्यांनी जीभ टाळूला लावून दोनदा 'टिंग टिंग' असा आवाज काढला. डबल बेल. मी गाडीत बसलो.

निघण्याच्या आदल्या रात्री लेकीने एजंटाला मेल केला होता की, बैठकीच्या भिंतीत एक खिळा मारावयाची परवानगी हवी. मी आलो तेव्हा उत्तर आलेले नव्हते. परवा तिचा फोन आला. एजंटाने खिळ्याला नकार दिला. चिकटवावयाचा हुक मात्र चालेल, तो दोन किलोपर्यंत वजन पेलतो.

"तसबिरीचं वजन किती असेल, बाबा?" तिने विचारले.

मी म्हटले, स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून पाहा. फोन तसाच ठेवून ती गेली. पावलांचा आवाज आला, काच टेकल्याचा आवाज आला.

"एक किलो सातशे," ती म्हणाली.